गोव्यात बोटीचा अपघात झाला तर: पहिल्या मिनिटापासून दाव्याच्या कागदांपर्यंत

25 डिसेंबर 2024 रोजी कळंगुटला पर्यटकांची बोट किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर उलटली. वीसएक जण वाचले, एक दगावला. किनारा डोळ्यांसमोर होता, माणसे धावून आली, तरीही एक जीव गेला. डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी असो, जेट-स्की असो, मांडवीतली जलसफर असो की मित्राची फायबरची बोट, अपघात झाला की गोंधळ ठरलेलाच. कोणाला फोन करायचा, बुडालेल्याचे पोट दाबायचे की नाही, पोलिसांत जायचे की मालकाशी 'बसून मिटवायचे', हे त्या क्षणी कोणालाच सुचत नाही. म्हणून हे क्रमाने लिहून ठेवले आहे. निघण्यापूर्वी वाचा, कारण भिजलेल्या फोनवर हे शोधता येणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. जीव वाचवणे पहिले, पण त्यानंतर सगळे अवलंबून राहते ते पहिल्या लेखी नोंदीवर. 'बोट अपघात' हे दोन शब्द रुग्णवाहिकेच्या नोंदीत, इस्पितळाच्या केसपेपरवर आणि पोलिसांच्या डायरीत त्याच दिवशी चढले, तर पुढची वाट सरळ होते. ते चढले नाहीत, तर वर्षभराने विमा कंपनी 'अपघात झाला होता याला पुरावा काय?' असे विचारते.

1. पाण्यात असाल तर बोट सोडू नका

उलटलेली फायबरची किंवा लाकडी होडी बहुधा तरंगत राहते. किनारा दोनशे मीटरवर दिसत असला तरी पोहत सुटू नका. ओहोटीला मांडवीचे पाणी आग्वादच्या बाहेर समुद्राकडे ओढते. साळ नदीच्या मुखाशी, मोबोर आणि बेतुलच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात आणि पट्टीचे पोहणारेही तिथे थकतात. बोटीच्या पाठीवर चढता आले तर चढा, म्हणजे शरीर पाण्याबाहेर राहील आणि शोधणाऱ्यांना लवकर दिसेल. चढता येत नसेल तर सगळ्यांनी एकमेकांना बिलगून तरंगा, मुलांना मध्ये घ्या. लाइफ जॅकेटला शिटी बांधलेली असेल तर ती वाजवा. ओरडून घसा बसतो, शिटी वाजतच राहते.

इंजिन चालू असेल तर सर्वांत आधी बंद करा. आउटबोर्ड इंजिनाला चालकाच्या मनगटाला अडकवायची लाल दोरी असते. ती ओढली की इंजिन थांबते. पाण्यात माणसे असताना पंखा फिरत राहणे सर्वांत घातक. मदतीला आलेल्या दुसऱ्या बोटीलाही ओरडून हेच सांगा: जवळ येताना इंजिन न्यूट्रलला, माणसे वर घेताना पूर्ण बंद.

आता डोकी मोजा, आणि मोजताना नावे घ्या. इथे एक फसगत वारंवार होते. वाचवायला तीन-चार होड्या येतात आणि माणसे वेगवेगळ्या ठिकाणी उतरवली जातात. मांडवीच्या मुखाशी अपघात झाला तर कोणी नेरूलच्या कोको बीचला पोहोचतो, कोणी सिकेरीला, कोणी मिरामारला. मग एका किनाऱ्यावर 'सगळे सुखरूप' म्हणून शोध थांबतो, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावर चहा पीत बसलेल्या माणसाचा शोध रात्रभर चालतो. यादी एकाच माणसाने ठेवावी. प्रत्येक नाव स्वतः पाहून किंवा त्या माणसाशी फोनवर बोलूनच खोडावे. बेपत्ता वाटलेला कोणी सापडला तर ते शोधपथकाला लगेच कळवावे.

2. कोणाला फोन, आणि काय सांगायचे

112: पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी एकच
108: रुग्णवाहिका
1554: तटरक्षक दलाचा समुद्री शोध आणि बचाव क्रमांक
1093: किनारी पोलिस

किनाऱ्याजवळ असाल तर फोनच्याही आधी जीवरक्षकाच्या टॉवरकडे माणूस पळवा. त्यांच्याकडे बोर्ड, दोर आणि जेट-स्की असतात, ते मिनिटांत पाण्यात उतरतात. अंधार पडल्यावर मात्र टॉवर रिकामे असतात. सूर्यास्तानंतरच्या अपघातात थेट 112 लावा.

बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल 16 वर 'मेडे' तीनदा म्हणा, मग बोटीचे नाव, ठिकाण, माणसे किती आणि काय झाले ते सांगा. फोनवरही हाच क्रम पाळा. 'कळंगुटच्या समुद्रात' एवढ्याने काही कळत नाही. समोरच्या शॅकचे (किनाऱ्यावरच्या खानावळीचे) नाव, टॉवरचा क्रमांक, नदीत की समुद्रात, किनाऱ्यापासून अंदाजे किती अंतरावर, किती जण पाण्यात, किती जण श्वास घेत नाहीत हे सांगा. इंटरनेट नसले तरी फोनचा जीपीएस चालतो. नकाशावर हाताचे बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश दिसतात, ते वाचून दाखवा. गोव्यात पहिला आकडा 14 किंवा 15 आणि दुसरा 73 किंवा 74 ने सुरू होतो. वेगळे काही दिसले तर वाचण्यात चूक झाली आहे. घड्याळातली वेळही लक्षात ठेवा. भरती होती की ओहोटी हे त्यावरून ठरते आणि शोध कोणत्या दिशेने न्यायचा हेही.

रुग्णवाहिका वाळूत येत नाही. एकाला रस्त्यावर उभे करा, त्याने हात करून गाडी थांबवावी.

3. बाहेर काढलेला श्वास घेत नसेल तर

पोट दाबून पाणी काढू नका. उलटे टांगू नका, पाठीत बुक्के मारू नका. आपल्याकडे हे अजून सर्रास होते आणि त्यात सोन्यासारखी मिनिटे जातात, शिवाय पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू न मिळाल्याने. म्हणून इथे नुसती छाती दाबून भागत नाही, फुंकर लागतेच.

पाठीवर कडक जागेवर झोपवा. कपाळ मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट लावा आणि आधी दोन फुंकरा द्या. प्रत्येक वेळी छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध 30 दाब, पुन्हा 2 फुंकरा, असे चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती साधारण 5 सेंटिमीटर आत जायला हवी आणि वेग मिनिटाला 100 ते 120. तोंडातून फेस येत राहतो. तो पुसत बसू नका, फुंकरा चालू ठेवा. उलटी आली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला, थकलेल्या हातांचे दाब उथळ होतात. एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारे) मिळाले तर लावण्यापूर्वी छाती कोरडी पुसा.

श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घाला. गोव्याचे पाणी उबदार असले तरी तासभर त्यात राहिलेले शरीर थंड पडते, लहान मुलांचे आधी.

आणि हे ठळक अक्षरांत वाचावे असे: पाण्यात गटांगळ्या खाल्लेला माणूस उठून बोलू लागला तरी त्याला घरी किंवा हॉटेलवर नेऊ नका. खोकला थांबत नाही, श्वास जलद चालतो, छातीत दुखते, मूल मलूल होऊन झोपू पाहते, यातले काहीही दिसले तर इस्पितळ. फुप्फुसात गेलेले थोडे पाणीही पुढच्या काही तासांत त्रास वाढवते. डॉक्टर सहा-आठ तास ठेवून घेतात ते त्यासाठीच.

4. जखमा

पंख्याची जखम खोल आणि एकाशेजारी एक अशा चिरांची असते. स्वच्छ कापडाने सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. हातापायातून रक्त उसळतच असेल तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टी करकचून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. हळद, कॉफी पावडर काही भरू नका. हाताचे किंवा पायाचे तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. थेट बर्फावर बोट ठेवले तर ते निकामी होते.

जेट-स्की, बनाना राइड किंवा पॅरासेलिंगमधून आपटलेल्याची मान वळवू नका. त्याला उताणा तरंगत ठेवा, डोके आणि धड एका रेषेत धरा आणि जीवरक्षकांच्या फळीची वाट पाहा. जेट-स्कीवरून मागे पडणाऱ्याला यंत्राच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कंबरेखाली आतून इजा होऊ शकते. बाहेरून काही दिसत नाही आणि संकोचामुळे सांगितलेही जात नाही, विशेषतः मुली सांगत नाहीत. ओटीपोटात दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

5. इस्पितळ: इथेच पहिली नोंद

गंभीर रुग्णासाठी बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ. उत्तरेकडे म्हापशाचे आणि दक्षिणेकडे मडगावचे जिल्हा इस्पितळ जवळ पडते. कोठे न्यायचे हे 108 वाल्यांना ठरवू द्या.

कॅज्युअल्टीत विचारतात, 'काय झाले?' अशा वेळी बोटवाल्याचा माणूस बाजूला उभा असतो आणि घाईत 'पाय घसरून पडला' असे सांगून मोकळा होतो. ते तसेच केसपेपरवर उतरते. स्वतः सांगा: बोट उलटली, अमुक ठिकाणी, अमुक वाजता. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला सांगा आणि तिचा क्रमांक टिपून घ्या. खाजगी दवाखान्यात गेलात तरी हेच. जखम समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात झाली हेही डॉक्टरांना सांगा, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक ठरवताना त्याचा उपयोग होतो.

6. पुरावा त्याच दिवशी गोळा करा

जखमींबरोबर एक जण इस्पितळात जाईल, दुसऱ्याने किनाऱ्यावर थांबावे. संध्याकाळपर्यंत बोट हलवलेली असते आणि तिकीट विकणारा पोरगा दिसत नाही. हे टिपा:

- बोटीचे नाव आणि अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक, फोटोसह. जवळून एक, लांबून एक.
- बोटीत माणसे किती होती आणि बोटीवर किती लिहिलेली आहेत.
- लाइफ जॅकेट किती, बक्कल तुटलेली होती का, मुलांच्या मापाची होती का. आपल्या अंगावरचे जॅकेट परत देण्याआधी त्याचा फोटो.
- तिकीट किंवा पावती. नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट. पैसे कोणाच्या नावावर गेले ते त्यात दिसते.
- तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशी यांची नावे.
- त्या वेळचा वारा, लाटा, बावटा लाल होता की नाही.
- दोन साक्षीदार. शॅकवाले आणि रापणकार (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार) सहसा सगळे पाहतात. बरोबरच्या पर्यटकांचे फोन घ्या, ते उद्या आपापल्या गावी गेलेले असतील.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपने पाठवून मूळ फाइल पुसू नका. पाठवताना दर्जा उतरतो, शिवाय वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फाइल त्या फोनमध्येच राहू द्या. खारे पाणी लागलेला फोन मात्र बंद करा आणि चार्जिंगला लावू नका.

तिकिटाबद्दल थोडे अधिक. किनाऱ्यावर पैसे घेतो दलाल, बोट दुसऱ्याची, परवाना तिसऱ्याच्या नावावर, असे बरेचदा असते. पावतीवरचे नाव म्हणजे मालक असे समजू नका. नोंदणी क्रमांकावरून मालक शोधता येतो, म्हणूनच तो यादीत सर्वांत वर आहे.

7. पोलिस तक्रार

जवळच्या कोणत्याही ठाण्यात जा, किनारी पोलिस ठाण्यातच गेले पाहिजे असे नाही. 'ही आमची हद्द नाही' असे म्हटले तर झीरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तक्रार मराठीत देता येते, गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराला जागा आहे. नोंदवून घेत नसतील तर पोलिस अधीक्षकांना लेखी कळवा.

भारतीय न्याय संहितेतली तीन कलमे माहीत असू द्या: 282, बेदरकारपणे जलयान चालवणे, 284, असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या बोटीतून भाडे घेऊन माणसे नेणे, आणि मृत्यू झाला असेल तर 106, निष्काळजीपणाने मृत्यू. कलम लावणे पोलिसांचे काम, पण 'बोटीत इतकी माणसे होती, इतकी जॅकेट होती, पैसे घेतले होते' ही वाक्ये जबाबात असतील तरच 284 ला आधार मिळतो. जबाब वाचून, किंवा वाचून घेऊन, मगच सही.

याच दिवसांत मालकाकडून निरोप येतो: 'इस्पितळाचा खर्च देतो, एका कागदावर सही करा.' त्या कागदावर 'पूर्ण व अंतिम, पुढे तक्रार नाही' असे असते. खर्च घ्यायला हरकत नाही, पण 'वैद्यकीय खर्चापोटी अमुक रक्कम मिळाली' एवढीच पावती लिहून द्या. निघताना 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशा फॉर्मवर सही केली होती म्हणून हक्क संपला असे मात्र नाही. तो फॉर्म मालकाचा निष्काळजीपणा धुऊन काढत नाही.

8. बोट तुमची असेल तर

पळून जाऊ नका, बोट ओढून नेऊ नका. अपघाताची खबर पोलिसांना आणि बंदर कप्तान खात्याला त्याच दिवशी द्या, लेखी पोच घ्या. पर्यटकांना नेण्याचा परवाना असेल तर पर्यटन खात्यालाही. विमा कंपनीला लगेच कळवा. तिचा सर्व्हेयर (नुकसानीची पाहणी करणारा) येण्यापूर्वी दुरुस्तीला हात लावला तर दावा अडकतो. अंतर्देशीय जलवाहतुकीच्या 2021 च्या कायद्यानुसार नदी-खाडीत चालणाऱ्या यांत्रिक बोटीला विमा लागतोच. नदी संपून समुद्र कुठे सुरू झाला यावर लागू होणारा कायदा बदलतो, म्हणून अपघाताची नेमकी जागा तुमच्यासाठीही महत्त्वाची.

बुडालेल्या आउटबोर्डची अडचण वेगळीच असते. पंचनाम्याआधी उघडता येत नाही, आणि पाण्याबाहेर काढून नुसते ठेवले तर हवा लागताच खाऱ्या पाण्याने आतून गंजायला लागते. पोलिसांची लेखी परवानगी घ्या, फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. चालू करून बघायचा मोह टाळा. सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग अपघाताआधी बिघाड होता की नाही हेही सांगता येत नाही. बोट वाहतुकीच्या मार्गात बुडाली असेल तर वर बोया आणि रात्री दिवा लावा, नाहीतर दुसरा अपघात तिच्यावरच होईल.

9. कोणी बेपत्ता असेल किंवा दगावले असेल तर

बेपत्ता माणसाची तक्रार वेगळी नोंदवा. फोटो, कपड्यांचा रंग, अंगावरच्या खुणा, जॅकेट होते की नाही हे लिहून द्या. मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि शवचिकित्सा टाळू नका. 'कशाला हाल करायचे' या भावनेतून नातेवाईक नकार देऊ पाहतात, ते समजण्यासारखे आहे, पण शवचिकित्सेच्या अहवालाशिवाय अपघाती विम्याचा एकही दावा सहजी पुढे सरकत नाही. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या पंचायतीत किंवा पालिकेत 21 दिवसांत करायची, गावी नव्हे. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा. पार्थिव विमानाने न्यायचे तर पोलिसांचा ना-हरकत दाखला आणि एम्बामिंगचे प्रमाणपत्र लागते.

10. विमा

आरोग्य विम्याच्या कंपनीला 24 तासांत कळवा. 'साहसी खेळ वगळलेले आहेत' असे सांगून दावा नाकारला तर पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीतले Excl09 हे कलम उघडून वाचा. ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरते आहे, सुट्टीत डॉल्फिन पाहायला गेलेल्या कुटुंबासाठी नाही. वैयक्तिक अपघात पॉलिसीतल्या अटी मात्र वेगळ्या असू शकतात, तिचे कागद स्वतंत्र वाचा.

दगावलेल्याच्या बँक पासबुकात मे-जूनच्या सुमारास 20 रुपये कापलेले दिसतात का ते पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. 18 ते 70 वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख रुपये मिळतात, बुडून मृत्यूही त्यात येतो. अर्ज 30 दिवसांत बँकेत द्यायचा असतो. पुष्कळ घरांत ही योजना घेतल्याचेच ठाऊक नसते आणि महिना दुःखात निघून जातो. एखाद्या शेजाऱ्याने किंवा भाच्याने पासबुक हातात घेऊन हे काम करावे.

विमा कंपनीने नाकारले किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपाल.  फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत.

11. नुकसानभरपाई

पैसे देऊन बोटीत बसलात तर तुम्ही ग्राहक आहात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांत करायची. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते. दीड-दोन हजारांच्या तिकिटाची तक्रार, भरपाई कितीही लाखांची मागितली तरी, जिल्हा आयोगाकडेच जाते आणि मोजलेले पैसे 5 लाखांच्या आत असल्याने फी शून्य. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. नाशिकच्या कुटुंबाला दर तारखेला गोव्याची गाडी पकडावी लागत नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन दाखल करता येते, विचारपूस करायची तर 1915 ही ग्राहक मदतवाहिनी.

तक्रारीत बोटमालक, परवानाधारक आणि पैसे घेणारा दलाल, तिघांनाही प्रतिवादी करा. जोडायचे कागद: एफआयआर, एमएलसी, केसपेपर आणि बिले, तिकीट किंवा यूपीआयची नोंद, फोटो, साक्षीदारांची नावे, काम बुडाल्याचा पगाराचा दाखला, आणि मृत्यू असेल तर शवचिकित्सेचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे.

मित्राच्या बोटीतून फुकट गेला होतात तर ग्राहक आयोगाची वाट बंद. तिथे दिवाणी दावा लावावा लागतो आणि त्यासाठी वकील गाठावा लागतो. एफआयआर आणि एमएलसी मात्र तिथेही लागतातच, त्यामुळे 'आपलाच माणूस आहे, पोलिसांत कशाला' म्हणून त्या दिवशी नोंद टाळू नका. मित्राच्या बोटीचा विमा असेल तर तुमची भरपाई त्याच्या खिशातून न जाता त्या विम्यातून मिळू शकते, आणि त्या विमा कंपनीलाही हेच दोन कागद हवे असतात.